बोगमाळोची विमानं कृष्णधवलमध्ये: एफपी४ प्लस आणि चार फिल्टर, काही महिन्यांच्या वापरानंतर

गोव्यात दाबोळी विमानतळाला लागून, बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं हवाई संग्रहालय आहे. १९९८ मध्ये सुरू झालेलं. इथली मोठी विमानं छपराखाली नाहीत, पटांगणात उघड्यावर उभी आहेत: सी हॉक, अलिझे, सी हॅरियर, फायरफ्लाय, व्हॅम्पायर, नौदलाच्या अगदी सुरुवातीच्या काळातलं पाण्यावर उतरणारं सीलँड, आणि तीन शेपट्यांचं अवाढव्य सुपर कॉन्स्टेलेशन. इलफर्डची एफपी४ प्लस (१२५ आयएसओ) फिल्म आणि चार फिल्टर या एकाच जागी हिवाळ्यापासून पावसाळा संपेपर्यंत वापरल्यानंतरचा हा अनुभव आहे. कॅमेरा ३५ एमएमचा साधा मॅन्युअल एसएलआर, लेन्स २८, ५० आणि ८५ एमएमच्या.

निकाल आधीच सांगतो. फिल्म पुन्हा हीच घेईन. फिल्टरांपैकी पिवळा (८ नंबर) जवळजवळ कायम लेन्सवर असतो, पिवळट-हिरवा (११) विमानांवरची चिन्हं जवळून टिपण्यासाठी, नारिंगी (२१) क्वचित. लाल (२५) या विमानांसाठी कुणालाच सुचवणार नाही. गडद आभाळासाठी लाल लावा, हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि गड-किल्ल्यांच्या फोटोंना तो चालतोही. विमानांना का चालत नाही ते नीट समजून घ्यायला हवं.

आपल्या विमानांवरचं तिरंगी वर्तुळ बाहेरून केशरी, मध्ये पांढरं आणि आत हिरवं असतं. फिल्टर स्वतःच्या रंगाच्या वस्तू उजळ करतो आणि विरुद्ध रंगाच्या काळ्या. लाल फिल्टर लावला की केशरी कडं पांढऱ्यात विरघळतं आणि उरतो तो पांढऱ्या चकतीतला काळा ठिपका. ते भारतीय विमान आहे हे फोटोवरून ओळखू येत नाही. उन्हापावसाने केशरी आधीच फिका झाला असेल तर नारिंगी फिल्टरही तेच करतो. काहीच न लावता काढलं तर केशरी आणि हिरवा जवळपास एकाच करड्या छटेत येतात. पिवळ्या फिल्टरने केशरी किंचित वर जातो, हिरवा किंचित खाली, आणि तिन्ही कडी वेगळी राहतात. ११ नंबर याच्या उलट करतो: केशरी गडद, हिरवा उजळ. वर्तुळाची बाहेरची रेघ हवी असेल तर हाच सर्वांत स्वच्छ. दुसऱ्या महायुद्धातल्या काही फोटोंत ब्रिटिश वर्तुळाचं पिवळं कडं काळपट दिसतं, तेही असंच: ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल दिसत नाही आणि पिवळाही कमी दिसतो. तसा परिणाम मुद्दाम हवा असेल तर इलफर्डचीच ऑर्थो प्लस ८० ही फिल्म मिळते. तिच्यावर केशरी चांगलाच गडद येतो.

लालविरुद्ध आणखी दोन कारणं आहेत. नौदलाच्या विमानांचा करडा रंग बहुधा निळसर असतो. लाल फिल्टरमागे तो आभाळाबरोबरच गडद होतो आणि विमानाची वरची कड आभाळात बुडते. आणि पंखाखालच्या सावलीवर थेट ऊन नसतं, तिथे निळ्या आभाळाचाच उजेड असतो. तोच अडवला की पोट, चाकांची खोबणी, अलिझेच्या पंखांवरचे चाकांचे फुगीर कप्पे, सगळं काळं ठिक्कर. नारिंगी मात्र एका कामाला उत्तम आहे. तिरप्या उन्हात रिव्हेटच्या रांगा आणि पत्र्याचे जोड काढताना छोट्या सावल्या गडद होतात आणि पत्रा बोलायला लागतो. त्यासाठी ८५ ची लेन्स घेऊन वर्तुळ चौकटीबाहेर ठेवायचं.

मोजणी अशी करा. फिल्टर लावून कॅमेऱ्याच्या आतल्या मीटरवर विसंबू नका, विशेषतः नारिंगी-लालला. मीटरच्या सेलची रंगांबाबतची संवेदना फिल्मसारखी नसते. फिल्टर काढून मोजा आणि गुणक, म्हणजे फिल्टर अडवतो तेवढा जादा उजेड, हाताने द्या: पिवळ्याला १ स्टॉप (म्हणजे दुप्पट उजेड), नारिंगीला साधारण २, लालला ३. ११ ची कंपनीनुसार १ ते २ अशी तफावत असते, फिल्टरच्या कड्यावरचा आकडा बघा. स्वच्छ उन्हात फिल्टरविना शटर १/१२५, छिद्र एफ/१६. पिवळ्याने १/१२५, एफ/११. पण हे उन्हातल्या बाजूचं झालं. पंखाखालचा तपशील हवा असेल तर फिल्म ८० वर धरा (म्हणजे १२५ ऐवजी ८० आयएसओ समजून मोजा) आणि डेव्हलपिंग १५ टक्के कमी करा. एफपी४ हे निमूट सोसते, आभाळ उडत नाही. सावलीच मोजून एक्स्पोजर ठरवणार असाल तर मीटर सांगेल त्यापेक्षा २ स्टॉप कमी द्या, नाहीतर सावली मधल्या करड्यात जाते आणि उन्हातलं सगळं जळतं.

ऋतूचं गणित सोपं आहे आणि कठोरही. ही जागा सुमारे १५.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य ५१ अंशांवर, म्हणजे दिवसभर बाजूने ऊन. मेच्या सुरुवातीला आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तो दुपारी थेट डोक्यावर, तेव्हा पंखाची सावली धडावर पडते आणि खालचा अर्धा भाग हातचा जातो. पावसाळ्यात आभाळ सपाट पांढरं, तिथे कोणताच फिल्टर काही करत नाही. फिल्टर निळ्याला गडद करतो, पांढऱ्याला नाही. अशा दिवशी आभाळ चौकटीतून काढून टाका आणि ओल्या पत्र्याचे, नळकांड्यांचे, कॉकपिटच्या चौकटींचे फोटो घ्या. मऊ उजेडात सी हॅरियरच्या चार नॉझलसारखे गोल आकार उन्हापेक्षा चांगले येतात. हिवाळ्यातही क्षितिजाजवळ समुद्राचा दमट पांढुरकेपणा राहतो. निळेपणा वर असतो, म्हणून कॅमेरा गुडघ्याएवढा खाली घ्या आणि विमानामागे वरचं आभाळ आणा. मागचे खांब आणि इमारतीही आपोआप लपतात. विमानाखाली जांभ्याची लाल माती असेल तर तिचा परावर्तित उजेड पोटावर येतो आणि पिवळा किंवा नारिंगी फिल्टर तो उचलून धरतो. हिरवळ असेल तर नारिंगी तो मारतो, तिथे ११ बरा.

सुपर कॉन्स्टेलेशनबद्दल वेगळं लिहायलाच हवं. १९७६ मध्ये ही विमानं हवाईदलाकडून नौदलाकडे टेहळणीसाठी आली. लांबी सुमारे ३५ मीटर, पंखांचा विस्तार ३७ मीटर. बाजूने पूर्ण मावायला ५० च्या लेन्सने ५० मीटर मागे जावं लागतं आणि मध्ये काही ना काही येतंच. २८ ने २७-२८ मीटर पुरतात, पण नाकाजवळ उभं राहून २८ लावली तर नाक फुगतं आणि माशासारखी वळलेली ती सुंदर पाठ आखडते. नाकापासून निदान १५ मीटर लांब, तीन-चतुर्थांश कोनातून घ्या. तीन शेपट्या मागून एकमेकींवर न चढता दिसतील अशी जागा पावलापावलाने शोधावी लागते. या विमानाला घाई चालत नाही.

पोलरायझर (प्रतिबिंबं कमी करणारा, फिरवता येणारा फिल्टर) कॉकपिटच्या काचेवर आणि रंगवलेल्या पत्र्यावर काम करतो, उघड्या धातूच्या चमकेवर फारसा नाही. काचेच्या पृष्ठभागाशी साधारण ३५ अंशांच्या कोनातून बघितलं की प्रतिबिंब सर्वांत जास्त जातं. २८ वर मात्र आभाळात एक गडद पट्टा उमटतो, तेव्हा काढून ठेवा.

आता खाऱ्या वाऱ्याचं. दुपारी समुद्राकडून वारा सुटला की तासाभरात फिल्टरवर बारीक थर बसतो आणि फोटोतला काळा रंग करडा होतो. कोरडं कापड फिरवू नका, मिठाचे कण ओरखडे काढतात. आधी फुंकणीने उडवा, मग लेन्सच्या द्रावाचा थेंब टाकलेल्या कापडाने टिपा. अॅल्युमिनियमच्या कड्याचा फिल्टर महिनाभर लेन्सवर ठेवला तर आटे धरतात. पितळेचं कडं घ्या, नाहीतर घरी आल्यावर दर वेळी काढून ठेवा. अडकलाच तर चिमटीने दाबू नका, कडं लंबगोल होऊन जास्तच आवळतं. भोवती रुंद रबरबँड लावून तळहाताने फिरवा. लेन्स सिलिका जेलसह हवाबंद डब्यात, आर्द्रता ४०-५० टक्के. फ्रिजमधला रोल डबी न उघडता दीड-दोन तास बाहेर ठेवा, नाहीतर फिल्मवर दव धरतं.

जागेचे नियमही सांगून ठेवतो. लागूनच नौदलाचा चालू तळ आहे, धावपट्टीकडे कॅमेरा वळवायचा नाही. ट्रायपॉडबद्दल दारावर विचारून घ्या. विमानाने येणाऱ्यांनी रोल कधीही चेक-इन सामानात टाकू नयेत आणि केबिन तपासणीला नवं सीटी यंत्र असेल तर हाताने तपासायची विनंती करावी. आतल्या दालनांसाठी एफपी४ मंद पडते, तिथे इलफर्डचीच जास्त वेगवान एचपी५ प्लस, ८०० वर.

डेव्हलपिंगमध्ये कोकणातला खरा शत्रू म्हणजे नळाचं कोमट पाणी. आयडी-११ हा डेव्हलपर पाण्याशी एकास एक, २० अंशांना ११ मिनिटं. इथे २० टिकवणं कठीण, म्हणून २४ अंशांना पावणेआठ ते आठ मिनिटं. ८० वर काढलेल्या रोलला साडेसहा ते पावणेसात. एका रोलला १५० मिली डेव्हलपर आणि १५० मिली पाणी, वापरून टाकून द्या. बादलीत गोठवलेल्या बाटल्या ठेवून सगळी द्रावणं २४ वर आणा, धुण्याचं पाणीसुद्धा. थंड फिक्सरातून (प्रतिमा पक्की करणाऱ्या द्रावणातून) गरम पाण्यात फिल्म गेली की जिलेटिनला सुरकुत्या पडतात आणि त्या परत जात नाहीत. पहिली १० सेकंदं हलवा, मग दर मिनिटाला ४ वेळा उलटं-सुलटं. उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असेल तर वाहत्या पाण्याची गरज नाही: फिक्सरनंतर टाकी भरून ५ वेळा उलटा, ओता, मग १० वेळा, मग २० वेळा. शेवटचं पाणी मात्र डिस्टिल्ड, त्यात वेटिंग एजंटचे (पाण्याचे डाग न पडू देणाऱ्या द्रवाचे) काही थेंब. पावसाळ्यात विहिरीच्या गढूळ पाण्याचे कण ओल्या फिल्मवर बसले तर आभाळभर ठिपके येतात.

जुलैत निगेटिव्ह रात्रभरात वाळत नाही. पंखा फिल्मवर धरू नका, खोली बंद करून डिह्युमिडिफायर किंवा एसीचा ड्राय मोड लावा आणि खाली चिमटा अडकवा. पूर्ण वाळण्याआधी स्कॅनरच्या काचेला टेकवली तर इंद्रधनुषी वलयं उमटतात. स्कॅन करताना इन्फ्रारेड धूळसफाई बंद ठेवा. चांदीच्या फिल्ममधून इन्फ्रारेड आरपार जात नाही, त्यामुळे यंत्र रिव्हेटच्या रांगांनाच धूळ समजून पुसायला लागतं. स्कॅन थोडा सपाट ठेवा आणि शार्पनिंग शून्य. वर्तुळाच्या तिन्ही छटा निगेटिव्हवर आल्या असतील तर कॉन्ट्रास्ट नंतर हवा तेवढा वाढवता येतो. तिथे आल्याच नसतील तर स्कॅनमध्ये त्या वेगळ्या करायचा मार्ग नाही.