संध्याकाळी ट्यूबलाइट बंद: आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या ऑक्टोबरात परतीच्या पावसात आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीची लाइट सलग दोन संध्याकाळी गेली. इन्व्हर्टरवर हॉलमधला एक छोटा बल्ब आणि पंखा, बाकी अंधार. दोन्ही दिवशी साडेनऊलाच घरभर जांभया सुरू झाल्या. एरवी साडेबारापर्यंत कूस बदलत पडणारी मी दहाला गाढ झोपले. तिसऱ्या दिवशी लाइट आली, ट्यूबा लागल्या आणि मी पुन्हा साडेबारापर्यंत जागी. इतकी वर्षं मी मोबाइलला दोष देत होते, पण मोबाइल तर त्या दोन दिवशीही हातात होता. तेव्हा पहिल्यांदा मान वर करून छताकडे बघितलं.

हॉलमध्ये २० वॅटच्या दोन एलईडी ट्यूब, बेडरूममध्ये एक, स्वयंपाकघरात एक. सगळ्या ६५०० केल्विनच्या, खोक्यावर 'कूल डेलाइट' लिहिलेल्या. केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचा आकडा: मोठा असेल तर उजेड पांढरा-निळसर, लहान असेल तर पिवळा. दिवे लागणीला लावायच्या त्या झोपेपर्यंत चालू.

दिवाळीनंतर मेन रोडवरून २७०० केल्विनचे ९ वॅटचे चार बल्ब आणले आणि हॉलच्या छताला लावले. दोन महिने काडीचा फरक पडला नाही. खूप हिरमोड झाला. मग मोबाइलवर उजेड मोजायचं ॲप घेतलं. ते काही अचूक नसतं, पण अंदाज येतो. सोफ्यावर बसून फोन डोळ्यांपाशी समोर धरला, तर ट्यूबखाली साधारण १४० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आणि पिवळ्या बल्बांखाली ११०. मी फक्त रंग बदलला होता, उजेड जवळपास तेवढाच होता!

इथेच सगळं अडतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. डोळ्याच्या पडद्यात बघण्याच्या पेशींशिवाय आणखी काही पेशी असतात. त्यांच्यात मेलानोप्सिन नावाचं द्रव्य असतं आणि त्या स्वतःच उजेड ओळखतात, हे २००२ साली सिद्ध झालं. ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशाला त्या सगळ्यात जास्त दाद देतात. त्यांचा निरोप मेंदूतल्या जेमतेम वीस हजार पेशींच्या पुंजक्याकडे, म्हणजे शरीराच्या मुख्य घड्याळाकडे जातो. बाहेर अजून दिवस आहे असं त्याला वाटलं, की मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याचं शरीराला सांगणारं संप्रेरक, लांबणीवर पडतं. २०११ साली अमेरिकेत ११६ तरुणांवर झालेल्या अभ्यासात खोलीतला साधाच उजेड होता, २०० लक्सपेक्षा कमी. तेवढ्यानेही मंद उजेडाच्या तुलनेत रात्री मेलाटोनिन असण्याचा काळ सुमारे दीड तासाने आखडला. आपल्या हॉलमध्ये असतो तसाच उजेड की हा!

पिवळ्या बल्बमध्ये या पेशींना भिडणारा भाग पांढऱ्याच्या साधारण निम्मा असतो. पण उजेडच भरपूर असेल तर निम्मासुद्धा पुष्कळ होतो. २०२२ साली तज्ज्ञांनी सुचवलेली मर्यादा अशी: झोपेआधीचे तीन तास, या पेशींच्या हिशेबाने मोजलेला उजेड डोळ्यांपाशी १० लक्सच्या वर नको.

म्हणून जानेवारीत छताचे बल्ब काढले आणि एकच बल्ब उभ्या लॅम्पमध्ये, सोफ्याच्या मागच्या कोपऱ्यात लावला. डोळ्यांपाशी १५ लक्स, तोही पिवळा, म्हणजे त्या पेशींच्या हिशेबाने साधारण निम्माच. आठवड्याभरात अकराच्या सुमारास डोळे मिटायला लागले. रोज नाही, पण आठवड्यातून पाच दिवस तरी. त्याच महिन्यात मी सकाळी जॉगिंग ट्रॅकवर जायला लागले, हेही प्रामाणिकपणे सांगते. उघड्यावर ढगाळ सकाळीही घरापेक्षा कितीतरी पट उजेड असतो आणि दिवसाच्या उजेडानेही हे घड्याळ लागतं. त्यामुळे सगळं श्रेय लॅम्पला देता येणार नाही.

आता तक्रारी. वायरमनने आधी पंख्याच्या रेग्युलेटरसारखा डिमर बसवून दिला होता. बल्ब लुकलुकायला लागले, वर बारीक गुणगुण. साध्या एलईडीला डिमर चालत नाही, खोक्यावर 'डिमेबल' असावं लागतं. दुकानदाराने 'बिनधास्त लावा' म्हणून दिला होता, परत मात्र घेतला नाही. साडेतीनशे रुपये वाया.

स्वयंपाकघरात पिवळा दिवा मी आठ दिवसांत काढला. फोडणीत हळद किती पडली ते कळेना, मेथी निवडताना पिवळी पानं तशीच जुडीत राहायला लागली. तिथे नऊपर्यंत पांढरी ट्यूबच हवी.

सगळ्यात मोठी चूक सासूबाईंच्या बाबतीत झाली. त्या ७४ वर्षांच्या, एका डोळ्याला मोतीबिंदू. मंद उजेडात पॅसेजच्या उंबऱ्याला अडखळल्या. भिंतीला हात लागला म्हणून वाचल्या. माझ्या पोटात गोळा आला. वयाबरोबर डोळ्याचं भिंग पिवळट होतं, निळा प्रकाश मुळातच कमी आत जातो आणि बघायला मात्र उजेड जास्त लागतो. त्यांच्या खोलीत त्याच दिवशी ट्यूब परत लावली. पॅसेजमध्ये जमिनीपासून वीतभर वर सेन्सरचा पिवळा दिवा बसवला, पाऊल पडलं की लागतो. रात्री बाथरूमला जाताना आता मोठा दिवा लावावा लागत नाही. एवढ्या खरेदीत मला सगळ्यात आवडलेली वस्तू हीच.

चष्म्याच्या दुकानातून घेतलेल्या ब्लू कट काचांनी झोपेत काही बदल झाला नाही. बिनरंगी काचा निळ्याचा थोडाच भाग अडवतात.

लेकीची यंदा दहावी. तिला अकरापर्यंत पांढऱ्या टेबल लॅम्पखाली अभ्यास करायचा असतो आणि त्यावरून मी वाद घालत नाही. 'आई, पिवळ्यात झोप येते,' म्हणते. लॅम्पची मान फक्त वहीकडे वळवून ठेवली आहे, डोळ्यात थेट उजेड जात नाही. छताची ट्यूब तिने आपणहून बंद ठेवायला सुरुवात केली आहे.

घेणाऱ्यांनी आधी एकच बल्ब आणावा, तोही ५ किंवा ७ वॅटचा. मी आणलेल्या ९ वॅटच्या चारपैकी तीन अजून कपाटात पडून आहेत.