प्रदर्शनासाठी कोणता घट करावा: वीज देणारा की वीज घेणारा?

इंदूरमधल्या आपल्या घरांत विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात हा प्रश्न पडतोच. गॅल्व्हानी घटात रासायनिक क्रिया आपणहून घडते आणि तिच्यातून वीज मिळते. विद्युतअपघटनी घटात क्रिया आपणहून होत नाही, बाहेरून वीज देऊन ती करवून घ्यावी लागते.

गॅल्व्हानीसाठी डॅनियलचा १८३६ चा घट करा. एका ग्लासात झिंक सल्फेट आणि जस्ताची पट्टी, दुसऱ्यात मोरचुदाचं (कॉपर सल्फेटचं) पाणी आणि तांब्याची पट्टी. दोन्हींत टोकं बुडतील अशी पोटॅशियम नायट्रेटमध्ये भिजवलेली गाळणकागदाची पट्टी क्षारसेतू, म्हणजे दोन द्रावणं जोडणारा पूल, म्हणून ठेवा. दोन पट्ट्यांना जोडलेला व्होल्टमीटर १.१ व्होल्टच्या आसपास दाखवतो. मीटर काट्याचाच घ्या. सेतू उचलला की काटा शून्यावर येतो, ठेवला की पुन्हा चढतो. बघणाऱ्याला समजावायला याहून सोपं काही नाही. मात्र एका घटावर लाल एलईडी पेटत नाही, तेवढी आशा ठेवू नका.

दुसरा पर्याय, म्हणजे विद्युतअपघटनी घट, हा तांब्याचा मुलामा. सराफ्यात दागिन्यांना देतात तोच प्रकार. इथे एक चूक फार जण करतात. माझ्या भाच्याने लोखंडी खिळा मोरचुदात बुडवला आणि बॅटरी जोडायच्या आधीच तो लाल झाला. लोखंड वीज नसतानाही तांब्याला द्रावणातून बाहेर काढतं, म्हणजे त्यातून विजेबद्दल काहीच सिद्ध होत नाही. त्यापेक्षा मोरचुदाच्या पाण्यात पेन्सिलीचं शिसं (ग्राफाइट, शिसे धातू नव्हे) बॅटरीच्या ऋण टोकाला आणि तांब्याची पट्टी धन टोकाला जोडा. विजेशिवाय शिसं काळंच राहतं, वीज सोडली की तांबूस थर चढतो. ०.२ अँपियर अर्धा तास सोडला तर सुमारे ०.१२ ग्रॅम तांबं चढायला हवं. ते तोलायला सोनाराचा काटा लागेल. आकडा जुळला तर हा प्रयोग पहिल्यापेक्षा सरस ठरतो, पण घाईच्या आठवड्यात मी डॅनियलच सुचवेन.

परीक्षक ॲनोडबद्दल विचारतातच. ऑक्सिडीकरण (इलेक्ट्रॉन गमावणं) ज्या पट्टीवर होतं ती दोन्हीकडे ॲनोडच, पण गॅल्व्हानीत तो ऋण असतो आणि विद्युतअपघटनीत धन. ॲनोडसाठीचा मराठीतला ‘धनाग्र’ हा शब्द इथे मुलांना फसवतो, म्हणून ॲनोडच म्हणू द्या.

मोरचूद विषारी आहे. त्यासाठी घेतलेले ग्लास पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.