कामावरून काढल्यावर कोणाकडं जावं? संभाजीनगरच्या एका लेबर वकील मॅडमचा अनुभव

वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्यात ज्यांना अचानक "उद्यापासून येऊ नका" म्हणायलेत त्यांच्यासाठी लिहायलो. केस चालू आहे म्हणून कंपनीचं अन् मॅडमचं दोघांचंबी नाव टाकत नाही.

कंपनी ओव्हरटाईम सिंगल रेटनं द्यायची, तेव्हाच्या फॅक्टरी ॲक्टप्रमाणं डबल लागायचा, तेवढंच मी एचआरला मेलवर विचारलं आणि लगेच माझा परफॉर्मन्स खराब झाला म्हणे! त्याच साली इन्क्रीमेंट लेटरवर 'गुड' लिहून दिलेलं.

आधी एका वकिलानं कागद न बघताच "होऊन जाईल" म्हणून फी सांगितली. या मॅडमनी माझं रडगाणं थोडं ऐकलं अन् कोरा कागद पुढं सरकवला, म्हणल्या फक्त तारखा लिहा. मेल कधी, उत्तर कोणी दिलं, पहिला मेमो कधी, काढलं कधी. खाली खाली लिहीत गेलो तर मेलच्या आधी एकबी मेमो नाही, नंतर लागोपाठ. सूड उगवला असं कोणती कंपनी लिहून देत नसते, तो असाच दाखवावा लागतो म्हणल्या. मग विचारलं, मेमो लेट येण्यावरून दिलेत, तर लेट येणारे अजून कोण होते, त्यांना काढलं का? सोबतची पोरं साक्षीला येत नाहीत, त्यांचीबी नोकरी आहे, म्हणून हजेरीचं रेकॉर्ड कंपनीकडून कोर्टामार्फतच मागवायचा अर्ज टाकला. हे डोकं मला लई आवडलं.

हुद्दा सुपरवायझर असल्यानं हा कामगारच नाही असं कंपनी म्हणणार हे त्यांनी आधीच ओळखलं. मशीनवर स्वतः उभं राहायचे का, कोणाची रजा मंजूर करायचे का, सगळं खोदून विचारलं, कारण कोर्ट पाटी नाही, रोजचं काम बघतं. माझं मॅटर 2023 चं, आपल्या महाराष्ट्राच्या 1971 च्या पल्प कायद्याखाली (कामगारांशी अनुचित वागणूक रोखणारा कायदा) 90 दिवसांत कामगार कोर्टात तक्रार लागली. उशीर झाला असता तर माफीचा अर्ज वेगळा अन् कारण पटवत बसा. व्हॉट्सॲपचे नुसते स्क्रीनशॉट चालत नाहीत, ते कोणत्या फोनमधून, कसे काढले याचं सर्टिफिकेट सोबत लागतं, त्यामुळे फोन फॉरमॅट मारू नका.

एक स्टार कापला कारण ऑफिसात बसवून लई ठेवतात, ज्युनिअर नीट बोलत नाही अन् तारखेचा निरोप आदल्या रात्री येतो. फी मात्र टप्प्यानं घेतात, पावतीसकट. फोन उचलत नाहीत, मेसेज टाका, रात्री उशिरा का होईना उत्तर येतं.