अस्सल खोक्यातली नक्कल: रूपांतर होणारे रोबो-किट घेताना झालेली फसवणूक

रोबोचे विमान होणारी प्लॅस्टिक किट्स जुन्या संग्राहकांकडून विकत घेणाऱ्यांची संख्या आपल्याकडे वाढते आहे. 2020 मध्ये खेळण्यांवरील सीमाशुल्क 20 टक्क्यांवरून 60 टक्क्यांवर आणि 2023 मध्ये 70 टक्क्यांवर गेले. तेव्हापासून जपानहून किट मागवणे अनेकांच्या आवाक्याबाहेर गेले आणि 'न उघडलेले, अस्सल, भारतातच उपलब्ध' अशी जाहिरात करणाऱ्यांचे फावले. अशाच एका विक्रेत्याकडून मी बंदाई या जपानी कंपनीचे झेटा गंडम नावाच्या रोबोचे किट घेतले. हे किट मास्टर ग्रेड मालिकेतले, 1/100 प्रमाणाचे आणि 2005 साली बाजारात आलेल्या दुसऱ्या आवृत्तीचे होते.

किंमत संशय यावा इतकी कमी नव्हती. बाजारभावापेक्षा थोडीच खाली होती, आणि या व्यवहारातली खरी हुशारी तीच होती, असे मला आता वाटते. मागितल्यावर विक्रेत्याने खोक्याचे, माहितीपुस्तिकेचे आणि रनरचे फोटोही तत्परतेने पाठवले. रनर म्हणजे ज्या चौकटीला सुटे भाग चिकटलेले असतात ती चौकट. पैसे मात्र यूपीआयने आणि आगाऊच हवे होते.

आलेले खोके अस्सल होते. पुस्तिका अस्सल होती, आणि वरच्या पिशव्यांतले पांढऱ्या व निळ्या बाह्य कवचाचे रनरही अस्सल होते. आतल्या सांगाड्याचे करडे रनर तेवढे नकली होते. कोणाच्या तरी अर्धवट जोडलेल्या किटमधले उरलेले भाग घ्यायचे, कमी पडणारे रनर स्वस्त नकलेतून भरायचे आणि पिशव्या नव्याने बंद करून 'सीलबंद' म्हणून गळ्यात मारायच्या, असा हा प्रकार असावा.

साध्या, उभ्याच राहणाऱ्या रोबोमध्ये ही लबाडी कदाचित खपूनही गेली असती. झेटाचे तसे नाही. त्याचे वेव्ह रायडर नावाच्या विमानात रूपांतर करताना डोके धडात खाली जाते, हात अंगाखाली सरकतात, पाय दुमडतात आणि ढाल पुढे येऊन विमानाचे नाक बनते. हा सगळा भार सांगाड्यातल्या बारीक बिजागऱ्यांवर आणि खुंट्यांवर येतो. तिथे खुंटी किंचित सैल असली की विमान मधोमध लोंबते, आणि किंचित घट्ट असली की प्लॅस्टिक आधी पांढरे पडते आणि मग तडकते. माझ्याकडे दोन्ही गोष्टी घडल्या. धड पूर्ण करून ते हलवून पाहिले, तेव्हा एका खांद्याकडची बिजागरी स्वतःचे वजनही पेलत नव्हती. दुसऱ्या बाजूची पहिल्याच वळणाला पांढरी पडली आणि तिच्या मुळाशी केसासारखी चीर दिसू लागली.

मग उरलेल्या चौकटी खिडकीपाशी नेऊन पाहिल्या. कवचाच्या रनरवर रनरचे इंग्रजी अक्षर, बंदाईचे नाव, हक्कधारकांची ओळ आणि प्लॅस्टिकचा प्रकार सांगणारी खूण असे सगळे उठावाच्या बारीक अक्षरांत होते. करड्या रनरवर अक्षर तेवढे होते आणि कंपनीच्या नावाची जागा कोरी, किंचित खरवडल्यासारखी होती. साच्याच्या जोडरेषेवर नखाला लागेल अशी पापुद्र्यासारखी कड होती, आणि हाताला तेलकटपणा येत होता. विक्रेत्याच्या फोटोंत करड्या रनरची ही नावाची पट्टी दर वेळी फोटोबाहेर राहिली होती!

तक्रार केल्यावर आधी त्याने कानांवर हात ठेवले. मग उत्तर आले की पॅनेलच्या, म्हणजे कवचावर कोरलेल्या, रेषा भरण्याची शाई तुम्ही वापरली असणार, तिच्यातल्या द्रावकाने एबीएस प्लॅस्टिकला तडे जातात. ही गोष्ट खरी आहे, म्हणूनच ऐकणाऱ्याला पटते. माझ्या किटला शाईचा थेंबही लागला नव्हता, परंतु भाग कापून जोडलेले असल्यामुळे ते सिद्ध करणे अवघड झाले. 'कापलेला माल परत घेत नाही' हे शेवटचे उत्तर देऊन त्याने संवाद तोडला.

त्यामुळे असे किट हाती आले की निपर, म्हणजे भाग कापण्याची पक्कड, लावण्यापूर्वी सर्व पिशव्या उघडाव्यात आणि पुस्तिकेच्या सुरुवातीला छापलेल्या रनरच्या चित्रांशी प्रत्येक चौकट ताडून पाहावी. पार्सल उघडण्यापासून इथपर्यंतचे चित्रीकरण अखंड ठेवावे. पैसे देण्यापूर्वी सांगाड्याच्या रनरवरील नावाच्या पट्टीचा जवळून काढलेला फोटो आवर्जून मागावा. 'पिशवी फोडली तर सील जाईल' ही सबब ऐकू नये, कारण पारदर्शक पिशवीतूनही ती पट्टी दिसते. एका बाबतीत मात्र उगाच घाबरू नये. खोक्यावर बंदाई स्पिरिट्स असे नाव आणि जुन्या साच्याच्या रनरवर नुसते बंदाई, एवढ्याने किट नकली ठरत नाही. बंदाई स्पिरिट्स ही कंपनी 2018 मध्ये स्थापन झाली, आणि जुन्या साच्यांतून किट्स त्यानंतरही काढली जातात.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे 1915 या क्रमांकावर, मी तक्रार नोंदवली आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या दाव्याला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही, त्यामुळे तो मार्गही खुला आहे. यात अडचण एवढीच की समोरचा माणूस अधूनमधून जुन्या वस्तू विकणारी खासगी व्यक्ती असल्याचे सांगतो. तो नियमित व्यापार करतो हे दाखवण्यासाठी त्याच्या जाहिराती तारखांसह जपून ठेवाव्या लागतात. माझ्याशी संवाद तोडल्यानंतरही त्याने त्याच किटची नवी जाहिरात टाकली आहे, आणि तिच्यातले रनरचे फोटो मला पाठवलेलेच आहेत.