नवा रंग, जुना डिकँटर : सेंट्रिफ्यूज खरेदीतील फसवणुकीचा अनुभव

सांडपाण्याच्या गाळातून पाणी वेगळे करण्यासाठी डिकँटर सेंट्रिफ्यूज घेण्याच्या विचारात असलेल्या लहान कारखानदारांसाठी हा अनुभव लिहीत आहे. प्रकरण न्यायालयात असल्यामुळे समोरच्या व्यावसायिकाचे नाव येथे देत नाही. तसेही अशा व्यवहारात नावे आणि पाट्या बदलत राहतात. फसवण्याची पद्धत मात्र तीच असते आणि ती माहीत असणे अधिक उपयोगाचे आहे.

आमचा रासायनिक कारखाना कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत असून कार्यालय हडपसरला आहे. आमच्या प्रक्रिया प्रकल्पातला गाळ 2016च्या घातक कचरा नियमांखाली येतो, त्यामुळे तो रांजणगावच्या सामाईक घातक कचरा केंद्राकडे पाठवावा लागतो आणि त्याचे शुल्क वजनावर भरावे लागते. गाळात 100 किलो कोरडा पदार्थ असेल आणि घनता, म्हणजे गाळाच्या वजनातला कोरड्या पदार्थाचा वाटा, 15 टक्के असेल, तर ट्रकमध्ये सुमारे 667 किलो माल चढतो. तीच घनता 25 टक्क्यांवर नेली तर 400 किलोच चढतो. मधले सगळे पाणीच असते आणि त्या पाण्याचे भाडे व शुल्क दोन्ही आपल्या माथी येते. पावसाळ्यात वाळूच्या वाफ्यांवर गाळ सुकत नाही, त्यामुळे यंत्र घेण्यावाचून पर्याय नव्हता.

या यंत्रात गेल्या काही दशकांत खरोखरच मोठी प्रगती झाली आहे, हे आधी सांगितले पाहिजे, कारण फसवणारा माणूस नेमक्या त्याच प्रगतीची भाषा बोलतो. गुस्ताफ द लाव्हाल याने 1878 मध्ये दुधातून साय वेगळी करणारे सतत चालणारे यंत्र बनवले, तेव्हापासून मूळ तत्त्व बदललेले नाही : फिरणाऱ्या बाउलमध्ये, म्हणजे पोकळ पिंपात, जड कण भिंतीकडे जातात आणि द्रव आतल्या बाजूला राहतो. डिकँटरमध्ये बाउलच्या आत किंचित वेगळ्या वेगाने फिरणारा मळसूत्रासारखा स्क्रोल तो गाळ शंकूसारख्या टोकाकडे ढकलत नेतो. दोघांच्या वेगातला हा फरक, ज्याला सगळे डिफरन्शियल म्हणतात, पूर्वी पुली बदलून ठरवावा लागे. आता स्क्रोलचा वेग ठरवणाऱ्या बॅकड्राइव्हला स्वतंत्र व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे उपकरण) असतो आणि स्क्रोलवर येणारा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, पाहून यंत्र स्वतःच फरक कमी-जास्त करते. बाउल डुप्लेक्स नावाच्या मजबूत स्टेनलेस स्टीलचे, सेंट्रिफ्युगल पद्धतीने (फिरत्या साच्यात) ओतलेले असतात. स्क्रोलच्या पात्यांच्या कडांना टंगस्टन कार्बाइडच्या बदलता येणाऱ्या टाइल्स असतात. ब्रेकची ऊर्जा मुख्य मोटरकडे परत वळवता येते. बेअरिंगवर कंपन आणि तापमानाचे सेन्सर असतात. यातली प्रत्येक गोष्ट खरी आहे आणि आमच्या कोटेशनमध्ये ती प्रत्येक गोष्ट लिहिलेली होती.

तो व्यावसायिक बाणेर रस्त्यावरच्या चकचकीत कार्यालयात बसत असे आणि त्याचा गाळा भोसरीत होता. ज्या पुणे शहराच्या दापोडीत अल्फा लावलसारख्या सेंट्रिफ्यूज बनवणाऱ्या कंपनीचा कारखाना आहे, तिथे या यंत्राचे जाणकार कमी नाहीत, पण असे जाणकार मोठ्या कंपन्यांत असतात आणि लहान कारखान्याचा खरेदी विभाग कोटेशनवरूनच तुलना करतो. त्याचा भाव नामांकित उत्पादकांपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी होता. कारण विचारले तेव्हा उत्तर तयार होते, की परदेशी रचना, स्थानिक जोडणी, मधला दलाल नाही. यंत्र ‘350 मिलिमीटर बाउल, 4,000 आरपीएम, डुप्लेक्स 2205, कार्बाइड टाइल्स, ऑटो टॉर्क कंट्रोल’ असे होते; आरपीएम म्हणजे मिनिटाला फेरे आणि 2205 ही डुप्लेक्स स्टीलची जात.

भोसरीच्या गाळ्यावर प्रात्यक्षिक झाले, आणि फसवणुकीचा गाभा तिथेच होता. आमच्याकडून गाळाचे ड्रम आधीच मागवून घेतले होते. ते काही दिवस स्थिर उभे राहिल्याने गाळ तळाशी बसला आणि वरचे पाणी काढून टाकण्यात आले; म्हणजे कारखान्यात साधारण 2 टक्के घनतेचा येणारा गाळ यंत्रात जाताना त्याहून किती तरी दाट होता. यंत्रात गाळ (फीड) सोडणारा पंप अगदी मंद ठेवला होता आणि बारीक कणांचे गोळे बांधणाऱ्या पॉलिमरची मात्रा सढळ होती. बाहेर आलेला केक, म्हणजे पाणी काढलेला गाळ, इतका घट्ट, की मुठीत धरला तर लाडू वळावा तसा गोळा झाला. पाहणारे सगळे खूश! दुसऱ्या टोकाकडून निघणारे पाणी, ज्याला सेंट्रेट म्हणतात, ते मात्र एका जाड होजपाइपमधून थेट गटाराच्या जाळीखाली जात होते. त्याचा नमुना मागितल्यावर “साहेब, ते पाणीच आहे, त्यात काय बघायचे?” असे हसत सांगण्यात आले.

त्या पाण्यातच सगळे उत्तर होते. केक किती कोरडा आहे, हा एकटा आकडा यंत्राविषयी जवळजवळ काहीही सांगत नाही. फीड 2 टक्के, केक 20 टक्के आणि सेंट्रेट 0.1 टक्के असेल, तर आत गेलेल्या घन पदार्थापैकी सुमारे 95 टक्के पदार्थ केकमध्ये पकडला गेला असे गणित येते. केक तोच 20 टक्के असला, पण सेंट्रेटमध्ये 0.8 टक्के घन पदार्थ असेल, तर पकड 62 टक्क्यांच्या आसपास उतरते. उरलेला एक तृतीयांशाहून अधिक गाळ पुन्हा प्रकल्पाच्या सुरुवातीच्या टाकीत जाऊन फिरत राहतो. बारीक कण पाण्याबरोबर सोडून दिले आणि फक्त जाड कण बाहेर काढले, तर कुठलेही यंत्र कोरडा केक दाखवू शकते. म्हणून फीड, केक आणि सेंट्रेट या तिन्हींचे नमुने एकाच वेळी घ्यावे लागतात, ओव्हनमध्ये 105 अंशांवर सुकवून वजन करावे लागते आणि त्या वेळचा प्रवाह व पॉलिमरचा खर्च शेजारी लिहावा लागतो. हे काम आपल्याच प्रयोगशाळेत होते, त्याला विक्रेत्याची गरज नसते.

ऑर्डरमधली एक अट वरवर निरुपद्रवी दिसत होती. मालाबरोबर नव्वद टक्के रक्कम आणि उरलेले दहा टक्के ‘कमिशनिंगनंतर’, म्हणजे यंत्र सुरू करून दिल्यावर, असे ठरले होते. पण छापील अटींमध्ये कमिशनिंगची व्याख्या यंत्र ‘स्वच्छ पाण्यावर चालवून दाखवणे’ अशी होती आणि कामगिरीची हमी ‘योग्य पॉलिमर वापरल्यास’ अशी होती. पाण्यावर कोणतेही संतुलित यंत्र सुरळीत फिरते. पुढे गाळावर यंत्र चालेना, तेव्हा प्रत्येक तक्रारीला एकच उत्तर मिळू लागले, “पॉलिमर बदला, मशीनला हात लावू नका.” तो पॉलिमरही त्यांच्याच ओळखीच्या पुरवठादाराकडून घ्यायचा होता. जैविक गाळाला साधारणपणे प्रति टन कोरड्या पदार्थामागे 5 ते 10 किलो पॉलिमर लागावा. आमचा खर्च त्याच्या जवळपास दुपटीवर गेला आणि सेंट्रेट तरीही काळेच राहिले. पुढे वायुवीजन टाकीत घनता वाढत गेली, क्लॅरिफायरमधून (गाळ खाली बसवण्याच्या टाकीतून) गाळ वाहू लागला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मर्यादा सांभाळणे अवघड झाले.

यंत्राचा खरा चेहरा उघड झाला तो एका निवृत्त तंत्रज्ञांमुळे. आयुष्यभर सेंट्रिफ्यूजची देखभाल केलेल्या या काकांनी आल्याबरोबर पॅनेलकडे पाहिलेच नाही. त्यांनी बाउलच्या शाफ्टवर चमकती पट्टी चिकटवून, गार्ड न काढता, हातातल्या टॅकोमीटरने वेग मोजला. पडद्यावर 4,000 दिसत होते आणि प्रत्यक्षात वेग 3,200च्या आसपास होता. पडद्यावरचा आकडा मोजलेला नव्हताच. मोटरच्या वारंवारितेला चुकीच्या पुली गुणोत्तराने गुणून तो दाखवला जात होता. यातला फरक किरकोळ वाटतो, पण बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. 350 मिलिमीटरच्या बाउलला 4,000 आरपीएमवर भिंतीपाशी गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 3,100 पट बल मिळते, 3,200 वर ते 2,000 पटीपर्यंत घसरते. वेग एक पंचमांश कमी झाला की बल एक तृतीयांशाहून अधिक कमी होते.

वेग जाणूनबुजून कमी का ठेवला होता, हे यंत्र पूर्ण थांबवून उघडल्यावर समजले. काकांनी खिशातून एक साधा चुंबक काढला आणि बाउलला लावला. चुंबक सरळ खाली पडला. डुप्लेक्स स्टीलमध्ये निम्म्याच्या आसपास फेराइट (लोहाचे चुंबकीय रूप) असते, त्याला चुंबक घट्ट चिकटतो; 304 किंवा 316 जातीच्या साध्या स्टेनलेस स्टीलला तो जवळजवळ चिकटत नाही, फार तर वेल्डजवळ किंचित ओढ जाणवते. नंतर एक्स-रे बंदुकीने धातूची तपासणी करून घेतली तेव्हा क्रोमियम 18 आणि निकेल 8 टक्क्यांच्या आसपास आले आणि मॉलिब्डेनम नावापुरतेच होते, म्हणजे सरळसरळ 304. 2205 मध्ये क्रोमियम 22, निकेल 5 आणि मॉलिब्डेनम 3 टक्क्यांच्या जवळ असायला हवे. 304ची यील्ड शक्ती, म्हणजे कायमचा आकार बदलण्यापूर्वी ताण सोसण्याची क्षमता, 2205च्या निम्म्याहूनही कमी असते, त्यामुळे या बाउलला 4,000 आरपीएमवर फिरवण्याचे धाडस विकणाऱ्यालाही झाले नव्हते. शिवाय आमच्या सांडपाण्यात क्लोराइड भरपूर आहे आणि 304ला त्याने बारीक खड्डे पडतात. ते आतल्या भिंतीवर बोटाला लागत होते.

स्क्रोल बाहेर काढला तेव्हा उरलीसुरली शंकाही गेली. तपासणीच्या झाकणातून दिसणाऱ्या दोन वेटोळ्यांवरच कार्बाइडच्या टाइल्स होत्या. आतल्या पात्यांच्या कडा वेल्डिंगने भरून, ग्राइंडरने घासून वर रंग मारलेला होता, आणि तो भराव झिजून पात्याची मूळ कड पातळ झाली होती. फ्रेमवर नवी नेमप्लेट चिकटवलेली होती. तिच्या खालचा रंग खरवडल्यावर रिव्हेटची चार जुनी भोके लांबी (पुट्टी) भरून बुजवलेली सापडली. कुठल्या तरी कारखान्यातून भंगारात निघालेले यंत्र भोसरीत धुऊन, रंगवून, नव्या पॅनेलसह आम्हाला विकले गेले होते. खरा धोका मात्र पैशाचा नव्हता. इतक्या वेगाने फिरणारा, दुरुस्त केलेला आणि पुन्हा संतुलित न केलेला रोटर माणसांच्या शेजारी चालत होता.

कायद्याच्या वाटेबद्दल थोडे. व्यावसायिक कारणासाठी घेतलेल्या वस्तूला 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सामान्यतः जागा नाही, म्हणून ग्राहक आयोगाकडे जाता आले नाही. पोलिसांकडे तक्रार दिली तेव्हा ‘हा दिवाणी वाद आहे’ असे ऐकावे लागले. भारतीय न्याय संहितेचे कलम 318 फसवणुकीला लागू होते, पण सुरुवातीपासून फसवण्याचा हेतू होता हे कागदोपत्री दाखवावे लागते. व्यापारी न्यायालयात दावा करण्यापूर्वी, तातडीचा दिलासा मागायचा नसेल तर, 2015च्या कायद्याच्या कलम 12अ नुसार मध्यस्थीची पायरी पार करावी लागते. आमच्या वेळी समोरचा पक्ष आलाच नाही. चार्टर्ड इंजिनीअरचा अहवाल, धातू तपासणीचा निकाल आणि यंत्र उघडतानाचे चित्रीकरण हीच आता आमची मुख्य भिस्त आहे. म्हणून दोष सापडल्यावर लगेच दुरुस्ती करून घेण्याची घाई कोणी करू नये; दुरुस्त झालेला स्क्रोल काही सिद्ध करत नाही.

नवीन ऑर्डर काढताना आम्ही शेवटची वीस टक्के रक्कम बँक हमीशिवाय सोडत नाही आणि कमिशनिंगची व्याख्या स्वतः लिहितो : आमचाच ताजा गाळ, ठरलेला प्रवाह, ठरलेली पॉलिमरची कमाल मात्रा, सलग आठ तासांची चाचणी आणि त्यात दर तासाला फीड, केक व सेंट्रेटचे नमुने. बाउल व स्क्रोलचे धातू प्रमाणपत्र ओतकामाच्या हीट क्रमांकासह (धातूच्या त्या घाण्याच्या क्रमांकासह) मागतो आणि तो क्रमांक बाउलवर कोरलेला आहे का, हे माल निघण्यापूर्वी जाऊन पाहतो. संतुलनाचा अहवाल आयएसओ 21940 या रोटर संतुलनाच्या मानकाप्रमाणे, त्याच रोटरच्या क्रमांकाने असावा लागतो. अलीकडे एका विक्रेत्याने या अटी वाचून पुन्हा फोनच केला नाही. दुसऱ्याने सेंट्रेटची मर्यादा 0.1 टक्क्याऐवजी 0.15 टक्के करून मागितली, कारणे लेखी दिली आणि त्याच्याशी बोलणी चालू आहेत.