दोन फुटी रीफ टाकी चार फुटी झाली: उन्हाळा आणि पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

होळीच्या सुमारास आमची रीफ टाकी, म्हणजे मासे आणि प्रवाळ एकत्र ठेवलेली खाऱ्या पाण्याची टाकी, मोठी केली. आता दिवाळी होऊन गेली. ठाण्याचा उन्हाळा, लाइट जाण्याचे दिवस, पावसाळ्यातलं गढूळ नळाचं पाणी, सगळं या टाकीवरून गेलं आहे. त्यामुळे मत द्यायला हरकत नाही. टाकी मोठी केल्याचा मला मनापासून आनंद आहे. पण ‘मोठी टाकी आपोआप स्थिर राहते’ असं जे सर्रास सांगितलं जातं, ते अर्धंच खरं आहे.

जुनी टाकी दोन बाय दीड बाय दीड फूट, म्हणजे १२७ लिटरची. नवी चार बाय दोन फूट आणि उंची २० इंच, म्हणजे ३७७ लिटरची. शिवाय खाली संप, म्हणजे पाणी गाळण्याची यंत्रणा ठेवायची दुसरी छोटी टाकी, आहे. उंची मुद्दाम २० इंचांवर थांबवली, कारण तळापर्यंत हात पोचला नाही तर साफसफाई हळूहळू टळत जाते.

पाणी तिप्पट झालं खरं, पण हिशेब करून बघा. जुन्या टाकीचा पृष्ठभाग तीन चौरस फूट होता, नव्या टाकीचा आठ. संपाचा पृष्ठभाग धरला तर बाष्पीभवनही जवळजवळ तिपटीने वाढलं. पाणी उडतं तेव्हा मीठ मागेच राहतं. त्यामुळे क्षारता (पाण्यातलं मिठाचं प्रमाण) वर सरकण्याचा वेग मोठ्या टाकीतही फारसा कमी होत नाही. मे महिन्यात आमच्याकडे रोज चार-पाच लिटर पाणी उडायचं. जुलैत हवेतच इतका ओलावा असतो की ते निम्म्याच्याही खाली आलं. हे सगळं आपोआप भरून काढणारी टॉप-ऑफ यंत्रणा हीच या सगळ्या खर्चातली सर्वांत मोलाची वस्तू ठरली. ती घेताना दोन सेन्सरवाली घ्या, कारण पाण्याची पातळी ओळखणाऱ्या फ्लोटवर गोगलगायी चढून बसतात. गोड्या पाण्याचा डबाही मोठा ठेवू नका. माझा २० लिटरचा आहे. पंप अडकून अख्खा डबा टाकीत रिकामा झाला, तरी ४०० लिटरची क्षारता दर हजारी ३५ वरून ३३ च्या जरा वर थांबेल. तेवढ्याने कुणी दगावत नाही. ५० लिटरचा ड्रम जोडला असता तर ती ३१ वर आली असती.

मोठ्या टाकीने खरोखर काय दिलं? एक म्हणजे तापमान. लाइट गेली की छोटी टाकी बघता बघता तापायची, ही हळूहळू तापते. हाताशी वेळ राहतो. दुसरं, एखादा मासा मेला किंवा खाणं जास्त पडलं तरी अमोनिया लगेच उसळी मारत नाही. आणि तिसरं, ज्यासाठी हे सगळं केलं ते म्हणजे माशांचं वागणं. क्लाउनफिशची आमची जोडी जुन्या टाकीत कोपऱ्यातल्या कोपऱ्यात घुटमळायची. आता मादी टाकीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन खाणं उचलते आणि पुन्हा लेदर कोरल या मऊ प्रवाळाच्या झालरीत येऊन बसते. गोबी माशाने दगडाखाली दोन दारांचं बीळ केलंय. हे बघत मी रोज संध्याकाळी खुर्ची ओढून बसते.

वजनाबद्दल आधीच सांगते, कारण हा प्रश्न लोक शेवटी विचारतात. पाणी, १२ मिलिमीटरची काच, दगड, वाळू, संप आणि लोखंडी स्टँड मिळून सगळं साडेसहाशे किलोच्या पुढे जातं. आणि हा भार पाऊण चौरस मीटरवर येतो. राहत्या घरातल्या खोल्यांसाठी भारतीय मानकात धरलेला भार दर चौरस मीटरला साधारण २०० किलोचा आहे. याचा अर्थ स्लॅब लगेच खचेल असा नाही, कारण भार आजूबाजूलाही वाटला जातो. पण जागा निवडताना टाकी बीमवर, भिंतीला टेकून हवी. आम्ही इमारतीचे नकाशे घेऊन स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवले आणि त्यांनी सांगितलेल्या भिंतीशीच टाकी लावली. बाल्कनीत ठेवायचा विचारही करू नका.

आता प्रत्यक्ष हलवाहलव. नवी टाकी वेगळ्या भिंतीला होती, हे सोयीचं झालं. आधी साधं पाणी भरून गळती तपासली, मग ते काढून आरओ-डीआय फिल्टरच्या शून्य टीडीएस (विरघळलेले क्षार नसलेल्या) पाण्यात अॅक्वेरियमचं समुद्री मीठ तिथेच मिसळलं. लिटरला ३६-३७ ग्रॅमच्या हिशेबाने १५ किलोच्या आसपास मीठ लागतं. जुनं पाणी काही वापरायचंच होतं, त्यामुळे थोडं कमी लागलं. दोन्ही टाक्यांचं तापमान आणि क्षारता जुळल्यावरच दगडाला हात लावला.

टाकी ‘पिकवणारे’, म्हणजे अमोनिया पचवणारे, जिवाणू पाण्यात फार नसतात, ते दगडावर असतात. म्हणून जुना दगड ओला ठेवून, त्याच पाण्यात हलवला की नवी टाकी शून्यापासून सुरू करावी लागत नाही. प्रत्येक दगड जुन्या पाण्याच्या बादलीत जोरात हलवून घेतला. बादलीचं पाणी चहासारखं झालं. तो सगळा गाळ नव्या टाकीत गेला असता. मग दगड, त्यानंतर प्रवाळ आणि सगळ्यात शेवटी मासे. दगड निघाल्यावर आणि पाणी चार बोटं उरल्यावर मासे जाळी न लावता डब्याने सहज उचलता येतात.

जुनी वाळू मात्र नेली नाही. तळाची वाळू उकरल्यावर सडक्या अंड्याचा वास आला आणि काळे पट्टे दिसले. तो हायड्रोजन सल्फाइड आहे, माशांसाठी विष. वरच्या थरातली मूठभर वाळू जाळीच्या पिशवीत घालून संपात ठेवली आणि बाकी सगळी नवी अरागोनाइट वाळू. ‘जुनी वाळू म्हणजे जिवंत वाळू, ती टाकू नका’ हा सल्ला मला पटत नाही. वर्षानुवर्षं बसलेली वाळू हलवणं हाच शिफ्टिंगमधला सर्वांत मोठा धोका आहे.

झोआ, म्हणजे झोअँथिड हे बटणांसारखे दिसणारे प्रवाळाच्या जवळचे जीव, हाताळताना हातमोजे आणि चष्मा घालाच. काही झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन असतं. दगड घासताना उडालेला एक थेंबही डोळ्यात नको. असे दगड गरम पाण्यात उकळणं तर जिवावर बेतू शकतं, कारण विष वाफेबरोबर हवेत जातं. घरात मुलं असतील तर त्या दिवशी त्यांना दुसऱ्या खोलीत ठेवा.

वाढीव दगड सिमेंट-सिरॅमिकचे घेतले. दगडी प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. आपल्या समुद्रातून ते काढणं आणि विकणं गुन्हा आहे. ‘लाइव्ह रॉक’ म्हणून विकला जाणारा नैसर्गिक दगड बहुतेकदा प्रवाळाचाच सांगाडा असतो. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झालं. तिथल्या किनाऱ्यावर पडलेला तुकडाही उचलून आणू नये असं मला ठामपणे वाटतं. क्लाउनफिशही समुद्रातून पकडलेले न घेता हॅचरीत वाढवलेले घ्या. भारतात आता त्यांचं प्रजनन चांगलं होतं, शिवाय ते टाकीतल्या खाण्याला सरावलेले असतात.

पहिले काही आठवडे मन घट्ट ठेवावं लागतं. आमच्या लेदर कोरलने सगळे पॉलिप (फुलांसारखी बारीक तोंडं) आत घेतले आणि त्यावर मेणासारखा चकचकीत पापुद्रा आला. कुणी बघितलं तर मेलं म्हणेल. ती त्याची कात टाकायची पद्धत आहे. वेव्हमेकरचा (टाकीत प्रवाह करणाऱ्या पंपाचा) झोत किंचित त्याच्या दिशेने वळवला. कडेपासून पापुद्रा सुटत गेला आणि खाली पूर्वीपेक्षा मोठी टोपी निघाली. वाळूवर डायटम, म्हणजे तपकिरी सूक्ष्म शेवाळ, आले आणि गेले. त्यांच्यासाठी कुठलंही औषध घालू नका.

नंतर उलटीच अडचण आली. नवा स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र) जोरदार, मासे तेवढेच, त्यामुळे नायट्रेट शून्य दिसायला लागलं आणि झोआंचे रंग फिके पडले. खाणं वाढवलं, स्किमर रात्रीपुरताच ठेवला. आता नायट्रेट ५ च्या आसपास आहे, क्षारीयता (अल्कलिनिटी, मिठाच्या प्रमाणाहून वेगळी) ८ ते ८.५ डीकेएच, आणि दगडांवर कोरलाइन, म्हणजे जांभळं कडक शेवाळ, चढतंय. टाकीवरच्या दिव्याचा प्रकाशही २५ टक्क्यांपासून हळूहळू वाढवला. मशरूम कोरल आजही तळाशी, सावलीतच खूश आहेत.

वीज गेल्यावर संपातलं पाणी वर चढवणारा रिटर्न पंप थांबतो आणि टाकीतलं पाणी संपात उतरतं. या मापाच्या टाकीत पाण्याचा एक इंच म्हणजे १९ लिटर. संपात तेवढी जागा कायम रिकामी हवी आणि रिटर्नचं तोंड पृष्ठभागाच्या जवळ हवं. उलटं येणारं पाणी अडवणाऱ्या चेक व्हॉल्व्हवर भरवसा ठेवू नका, त्यात कोरलाइन बसून तो अर्धवट उघडा राहतो. टाकी भरल्या भरल्या स्वतः मेन स्विच बंद करून बघा.

खर्चात काचेपेक्षा चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) जड आहे. पाव हॉर्सपॉवरचा चिलर एप्रिल-मेमध्ये दुपारभर चालतो आणि वीजबिलात ठळक दिसतो. तो स्टँडच्या कपाटात बंद केला तर स्वतःचीच गरम हवा ओढत बसतो. आमचा खिडकीशी आहे. पावसाळ्यात आरओचा सेडिमेंट फिल्टर नेहमीपेक्षा लवकर काळा पडतो, तेव्हा एक जादा आणून ठेवा.

जुनी दोन फुटी टाकी विकायला ठेवली होती, पण आता विकणार नाही. वाळू न घालता, पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि स्पंज फिल्टर टाकून ती क्वारंटाइनला लावली आहे. चार फुटी टाकीत रोग शिरला तर सगळे दगड काढल्याशिवाय एकही मासा पकडता येत नाही. म्हणून नवा मासा काही आठवडे तिथे राहून, नीट खायला लागल्यावरच इकडे येतो. सध्या तिथे एक छोटा रॉयल ग्रामा मासा आहे.