पीएमएफएमई अनुदान योजना : आमच्या बचत गटाचा अनुभव, पाचपैकी चार स्टार

आमचं गाव मंगळवेढा तालुक्यात. दहा बायकांचा बचत गट आहे, उमेदमधला (खेड्यातल्या बचत गटांसाठीचं राज्य सरकारचं अभियान), मी सचिव. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी करून विकतो. गेल्या दोन वर्षांत सरकारी अनुदानाचा अर्ज करून मशीनं घेतली, आणि तेव्हापासून आजूबाजूच्या गावांतल्या बायका रोज फोन करून विचारतात की ताई तुम्ही कसं केलं, एजंटला किती दिले, पैसे खरंच येतात का. म्हणून एकदाच सगळं नीट लिहिते.

योजनेचं पूर्ण नाव प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना, सगळे पीएमएफएमई म्हणतात. २०२० च्या जूनमध्ये आत्मनिर्भर भारतमध्ये सुरू झाली, एकूण तरतूद १०,००० कोटींची, त्यात केंद्राचे ६० टक्के आणि राज्याचे ४० टक्के. आपल्याकडे ती कृषी विभाग चालवतो, त्यामुळे विचारायला तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या ऑफिसात जायचं. लोणचं, पापड, मसाले, गूळ, बेदाणा, डाळ मिल, बेकरी असं खाण्याचं काहीही करणाऱ्या छोट्या उद्योगाला प्रकल्पाच्या खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान. प्रत्येक जिल्ह्याला एक पीक किंवा पदार्थ ठरवून दिलाय, जळगावला केळी, नागपूरला संत्री, कोल्हापूरला गूळ, आणि आमच्या सोलापूरला ज्वारी. हे ऐकलं तेव्हा आम्हाला वाटलं ही तर आपलीच योजना. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, इथली काळी जमीन आणि मालदांडी जातीची ज्वारी, त्या भाकरीची चव दुसऱ्या ज्वारीला येत नाही.

आता पहिली गोष्ट, जी आम्हालाही आधी कळली नव्हती. हे अनुदान म्हणजे अर्ज केला आणि खात्यात पैसे आले असं नाही. आधी बँकेचं कर्ज मंजूर व्हायला लागतं, स्वतःचे किमान १० टक्के घालावे लागतात, मग अनुदान येतं, आणि ते पण हातात येत नाही, कर्ज दिलेल्या बँकेत तीन वर्षं बाजूला ठेवतात. तेवढ्या रकमेवर बँक व्याज लावत नाही, आणि तीन वर्षांनी तुमचे हप्ते नीट असतील आणि उद्योग चालू असेल तर ती रक्कम कर्जातून वजा होते. आमचा हिशोबच सांगते. मशीनं ८ लाखांची, त्यातले ८० हजार गटाचे, ७ लाख २० हजार कर्ज, अनुदान २ लाख ८० हजार. म्हणजे शेवटी आमच्या डोक्यावर राहणार ४ लाख ४० हजार आणि त्यावरचं व्याज. पण पहिल्या महिन्यापासून हप्ता मात्र भरायचाच आहे, हे ज्या गटाला झेपत नाही त्यांनी घाई करू नये असं मला अगदी मनापासून वाटतं.

एजंटचं सांगते. आम्ही आधी एका कन्सल्टंटकडे गेलो, नाव लिहीत नाही. त्याने २५ हजार मागितले, ५ हजार आधी, मंजूर करून देतो म्हणाला. त्याने जो प्रोजेक्ट रिपोर्ट केला तो १४ लाखांचा, त्यात आम्ही कधी न ऐकलेली मशीनं, मोठा ड्रायर, कोल्ड रूम, आणि वर म्हणे ताई जेवढा प्रोजेक्ट मोठा तेवढं अनुदान मोठं, ४ लाख ९० हजार सुटतील. आम्ही खुश. पण घरी येऊन मुलीने मोबाईलवर हप्ता काढून दाखवला, ११ टक्क्यांनी पाच वर्षं धरली तर महिन्याला २७ हजारांच्या वर, आणि तेव्हा आमचा गटाचा महिन्याचा सगळा धंदाच ४० हजारांच्या आत होता. कोल्ड रूममध्ये आम्ही काय ठेवणार होतो, कडक भाकरी? ती तर कपाटात महिना महिना टिकते, म्हणून तर तिला कडक भाकरी म्हणतात. ते ५ हजार परत मिळाले नाहीत. दहा बायकांनी आठवड्याला पन्नास पन्नास टाकून जमवलेले पैसे होते ते, त्याचं अजून वाईट वाटतं.

मग आमच्या सीआरपी ताई (उमेदकडून गावातल्या गटांना मदत करणाऱ्या) म्हणाल्या की अगं याला सरकारनेच माणूस दिलाय, त्याला एक रुपया द्यायचा नसतो. जिल्हा संसाधन व्यक्ती, डीआरपी म्हणतात. हा या योजनेतला सगळ्यात चांगला भाग आहे आणि हा लोकांना माहीतच नसतो. प्रोजेक्ट रिपोर्ट करणं, ऑनलाईन अर्ज भरणं, बँकेत पाठपुरावा करणं, उद्यम नोंदणी म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, अन्न परवाना, हे सगळं तो करून देतो आणि त्याचे पैसे सरकार देतं, एका प्रकरणाला २० हजार, अर्धे कर्ज मंजूर झाल्यावर आणि अर्धे बाकीच्या नोंदण्या आणि ट्रेनिंग झाल्यावर. म्हणजे कर्ज मंजूर झालं तरच त्याला मिळणार, त्यामुळे तो स्वतः मागे लागतो. नावं आणि नंबर कृषी ऑफिसात मिळतात.

आमचे डीआरपी सर पहिल्यांदा गावात आले तेव्हा कागद मागितलेच नाहीत, म्हणाले आधी काम दाखवा. अर्धा दिवस बसले, एका तासात किती भाकऱ्या होतात ते मोजलं, पीठ कुठे दळता, शेंगा कशावर भाजता, एका पाकिटामागे किती उरतात, सगळं वहीत लिहून घेतलं. मग १४ लाखांचे ८ लाख केले. पल्व्हरायझर म्हणजे दळायचं मशीन, पीठ मळायचं मशीन, भाकरी दाबायचं मशीन, शेंगा भाजायचा रोस्टर, चटणीचं कांडप, आणि पाकीट सील करायचं मशीन, एवढंच. हप्ता साडेपंधरा हजारांवर आला. भाकरीच्या मशीनचं त्यांनी आम्हाला आधीच सांगितलं की विकत घ्यायच्या आधी स्वतःचं पीठ घेऊन जा आणि चालवून बघा, आणि किती खरं होतं ते! ज्वारीच्या पिठाला गव्हासारखी चिकाटी नसते, उकळत्या पाण्यात उकड काढली नाही तर मशीनमध्ये भाकरीच्या कडा फुटतात. पहिल्या दोन ठिकाणी फुटल्याच. तिसऱ्या ठिकाणी आमच्यातल्या एका काकूंनी स्वतः पाणी उकळून उकड काढली, तेव्हा कुठे भाकरी अखंड निघाली, आणि तेच मशीन घेतलं. असं कुठला एजंट करू देईल?

आता बँक. खरी परीक्षा इथेच असते. जिल्ह्याच्या समितीत आमचं प्रकरण लवकर पास झालं, पण बँकेत पितृपक्षात दिलेली फाईल संक्रांत उलटल्यावर मंजूर झाली. बँकेचं नाव लिहीत नाही. आधी साहेब म्हणाले पितृपक्ष झाल्यावर या, मग म्हणाले कुणाचा तरी सातबारा तारण द्या, मग म्हणाले दोन लाखांची ठेव ठेवा. आमच्या दहापैकी सात जणींच्या नावावर जमीनच नाही, कुठून देणार सातबारा? छोट्या उद्योगाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, हे डीआरपी सरांनी आम्हाला सांगितलं, आणि आम्ही भांडण न करता एक साधा अर्ज लिहिला की तारण का पाहिजे ते लेखी द्या. लेखी काही दिलं नाही, पण त्यानंतर तारणाचा विषय पुन्हा निघाला नाही. तुमचं असंच अडकलं तर जिल्ह्याच्या अग्रणी बँकेचे मॅनेजर असतात, त्यांच्याकडे अर्ज करता येतो, ते लक्षात ठेवा.

शेवटी आमचं काम ज्याने झालं ते म्हणजे गटाच्या वह्या. सहा वर्षांचं दर आठवड्याचं मीटिंग रजिस्टर, बचत, अंतर्गत कर्ज, आधी घेतलेल्या दोन बँक कर्जांचा एकही हप्ता चुकलेला नाही, आणि भाकरी-चटणीची विक्रीची वेगळी वही. गटाला अनुदान पाहिजे तर सभासदांना त्या मालाच्या प्रक्रियेचा किमान वर्षभराचा अनुभव लागतो, तो दाखवायला ती विक्रीची वहीच कामाला आली. वही लिहायचा कंटाळा करणाऱ्या आमच्याच दोघी जणी आता स्वतःहून लिहितात.

कागदपत्रं म्हणाल तर आधार, पॅन, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, गटाचा ठराव, जागेचा नमुना आठ किंवा भाडेकरार, ग्रामपंचायतीचा दाखला, लाईटबिल, मशीनचं कोटेशन. अन्न परवान्याची छोटी नोंदणी आम्ही काढली तेव्हा वर्षाला १०० रुपये फी होती, उद्यम नोंदणी फुकट आहे, त्याचे कुणी पाचशे मागितले तर देऊ नका. कोटेशन आणि बिल जुळलं पाहिजे, आणि मशीनवाल्याला रोख द्यायचे नाहीत, बँक त्याच्या खात्यावरच पाठवते. थ्री फेज विजेच्या कनेक्शनचा अर्ज मात्र मशीन यायच्या खूप आधी करा, आमची मशीनं तीन आठवडे नुसती झाकून ठेवली होती आणि हप्ता सुरू झालेला.

एक गोष्ट अर्ज करताना आमच्या लक्षातच आली नव्हती. अनुदान मशीनला आणि थोडं बांधकामाला आहे, माल घ्यायला नाही. मशीनं आली, आणि ज्वारी घ्यायला पैसेच नाहीत! मालदांडी फेब्रुवारी-मार्चमध्ये खळ्यावर येते, तेव्हाच वर्षाची भरून ठेवली तर परवडते, दिवाळीनंतर घ्यायला गेलं की भाकरीत काही उरत नाही. इथे याच योजनेतलं बीज भांडवल उपयोगी पडलं. अन्न प्रक्रिया करणाऱ्या बचत गटाच्या सभासदाला ४० हजार, एका गटाला ४ लाखांपर्यंत. अर्ज उमेदमार्फत होतो, सीआरपी ताईंनी भरून दिला. पैसे अनुदान म्हणून गटांच्या वरच्या संघाला येतात आणि तिथून आपल्याला कर्ज म्हणून मिळतात, म्हणजे परत करायचे, पण ते परत गावातल्याच दुसऱ्या बायकांना फिरतात. मला तर हा भाग ३५ टक्क्यांपेक्षा जास्त मोलाचा वाटतो. आम्ही त्यातून ज्वारी आणि शेंगा भरल्या, यंदा पहिल्यांदाच सावकाराकडे किंवा दुकानदाराकडे उधारी केली नाही. कर्जाच्या अर्जाबरोबरच बीज भांडवलाचाही अर्ज करा, आमच्यासारखं नंतर करू नका.

काम किती जणींना मिळालं हे सगळे विचारतात. आम्ही दहा जणी तर आहोतच, पण आता गावातल्या चार जणी रोजाने येतात, वर्षातले आठ-नऊ महिने काम असतं. त्यातल्या दोघी नवऱ्याबरोबर दरवर्षी ऊसतोडीला जायच्या, दसरा झाला की लेकरं शाळेतून काढून निघायच्या. गेल्या हंगामात त्या गेल्या नाहीत. एकीचा मुलगा आता सातवीत आहे, सलग एकाच शाळेत त्याचं हे पहिलं पूर्ण वर्ष. मुंबईच्या महालक्ष्मी सरसला, म्हणजे बचत गटांच्या प्रदर्शनात, स्टॉल मिळाला होता, तिथे नेलेली कडक भाकरी संपली आणि पुण्या-मुंबईच्या आपल्या सोलापूरकरांच्या ऑर्डर आता कुरिअरने जातात.

एक स्टार कापला तो वेळेसाठी आणि त्या तीन वर्षांसाठी. गरीब गटाला सुरुवातीचं एक वर्षच सगळ्यात जड जातं आणि नेमकं तेव्हा अनुदान बँकेत पडून असतं. अनुदान घेऊन उद्योग बंद करणारे असतात म्हणून तसं केलंय हे समजतं, पण पहिले सहा महिने तरी हप्त्यात सवलत सगळ्यांना सक्तीने द्यायला पाहिजे. आम्हाला मागून तीन महिन्यांची मिळाली, तुम्ही कर्जाच्या अर्जातच लिहून मागा.

ज्यांचा धंदा खाण्याचा नाही, म्हणजे शिवणकाम, पत्रावळी, द्रोण वगैरे, त्यांच्यासाठी पीएमईजीपी ही केंद्राची दुसरी अनुदान योजना, ती अजून चालू आहे का ते खादी मंडळ किंवा जिल्हा उद्योग केंद्रात विचारायचं. तिथे बायकांना खेड्यात ३५ टक्के आणि स्वतःचे फक्त ५ टक्के घालायचे. पण तिथेही आधी बँकेचं कर्जच आहे, आणि तिथलं अनुदानही तीन वर्षं अडकूनच राहतं.

पीएमएफएमईची मुदत २०२५-२६ पर्यंत वाढवलेली होती, त्यामुळे कागद गोळा करायच्या आधी कृषी ऑफिसात जाऊन नवीन अर्ज चालू आहेत का ते विचारा आणि तिथूनच डीआरपीचा नंबर घ्या. भाकरीचं मशीन बघायचं असेल तर सरळ आमच्या गावात या, मंगळवार सोडून रोज सकाळी चालू असतं, येताना तुमच्याकडचं किलोभर ज्वारीचं पीठ आणा म्हणजे तुमच्या पिठावरच चालवून दाखवता येईल.